राणीच्या दिव्यांची भिंत

राजवाड्याच्या महादरवाजातून आत शिरलं की दोन्ही हातांना एकेक देवडी आहे. देवडी म्हणजे पहारेकऱ्याला बसायची कमानीखालची जागा, जमिनीपासून दीडेक हात उंच. डाव्या देवडीत माझी खुर्ची असते. जुन्या काळी तिथं भालेवाला बसत असणार. माझ्याकडं शिट्टी, वही आणि चाव्यांचा जुडगा आहे. उन्हाळ्यात बाहेर डोकं फिरायची वेळ येते तेव्हाही देवडीत गार असतं. जोत्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत काळा दगड, त्यावर चपट्या भाजक्या विटा, आणि भिंतीची जाडी एवढी की माणूस आडवा झोपला तरी पाय बाहेर येऊ नयेत.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा. शाळा आठवीत सोडली आणि गवंड्याच्या हाताखाली लागलो. पुढं स्वतः थापी धरली. सोळा वर्षं परांचीवर, म्हणजे बांधकामाच्या लाकडी मचाणावर, उभं राहून काढली आणि मग उजव्या गुडघ्यानं जवाब दिला. ओळखीच्या एका ठेकेदारानं बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जुन्या राजवाड्यावर चौकीदाराची जागा आहे म्हणून सांगितलं. कुणीतरी नकाशा न बघता नांदुऱ्याचं रेल्वेचं तिकीट काढून दिलं. उतरल्यावर कळलं की राजवाडा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. एसट्या बदलत बदलत बीबी नावाच्या गावापर्यंत आलो, तिथून पुढं एका मालवाहू रिक्षात कांद्याच्या पोत्यांवर बसून. त्या दिवशी देवडीत पहिल्यांदा पाय पसरले. त्या गारव्याचे उपकार मी अजून मानतो.

नोकरी कंत्राटी होती. दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा. माझ्या आधीच्या चौकीदाराला काढलं होतं, कारण पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं की याला काहीच माहिती नाही, विचारलं तर खांदे उडवतो. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितली. मलाही काहीच माहिती नव्हती. कुणी पाहुणा चौकातून माझ्याकडं वळला की मी चाव्या मोजायला लागायचो.

माझं पोट त्या गावात चाललं ते शेंगावालीमुळं. महादरवाजाच्या पायरीवर एक बाई उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन बसायची. पन्नाशीची, आवाज करडा. मी तिला मावशी म्हणायचो. ती पहिला महिनाभर मला 'कोल्हापूरवाले' म्हणत होती, नंतर 'बापू' म्हणायला लागली. माझ्या बोलण्याची तिला मोठी गंमत वाटायची.

"मला म्हनते, मला!" ती शेजारच्या पेरूवालीला सांगायची. "मले म्हनाले काय जीभ अडते का याची?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं टोपलीखालून फडकं काढलं. ज्वारीची भाकरी आणि ठेचा.

"काऊन रे बाप्पा, बिस्कुटावर दिवस काढून राह्यला का? तुह्या मुलखात भाकर नाई भेटत?"

"भेटते की मावशी. तांदळाची."

"तांदळाची? ते काय जेवन झालं? खाय मुकाट्यानं."

तेव्हापासून दुपारची भाकरी तिच्याकडची. माझ्यासाठी ती घरून एक जास्त थापून आणायची. मी कधी हात आखडला की म्हणायची, "राजाच्या दारात उपाशी मानूस बसला त राजाले पाप लागते. माह्यासाठी नोको खाऊ, त्याच्यासाठी खाय."

राजवाड्याच्या आतल्या चौकात पूर्वेला एक लांब भिंत आहे. तिच्यावर चुन्याचा जुना गिलावा शिल्लक आहे, आणि गिलाव्यावर हिरव्या-तांबड्या रंगाचा वेलबुट्टीचा पट्टा. एके काळी तो चारही भिंतींवर फिरत असणार. आता सगळ्या राजवाड्यात मिळून त्यातली सात फुलं उरली होती, सगळी त्या भिंतीवर, साधारण डोक्याच्या उंचीला. फुलांच्या खाली, छातीच्या उंचीवर, वीतभर रुंदीची चौकोनी भोकं एका ओळीत आहेत, सारख्या अंतरावर. तशाच आणखी दोन ओळी वर आहेत. त्यात कबुतरं राहतात.

मला येऊन तीन आठवडे झाले असतील. एक कुटुंब आलं होतं, नागपूरकडचं असावं. त्यातल्या बाईनं भोकांकडं बोट करून विचारलं, "हे कोनाडे कशासाठी हो?"

तिच्या दुसऱ्या हातात अभिप्रायाची वही होती. पेनचं टोपण काढलेलं होतं.

मी म्हणालो, "राणीसाहेबांचे दिवे. सणासुदीला एकेका कोनाड्यात एकेक पणती. सगळा चौक उजळायचा."

हे कुठून आलं मला सांगता येणार नाही. बाई खूश झाली. तिच्या नवऱ्यानं वर बघून विचारलं, "आणि वरच्या ओळी? तिथं कसे लावायचे?"

"दासी शिडी लावून चढायच्या," मी म्हणालो.

वहीत त्यांनी चांगलं लिहिलं. चौकीदारास उत्तम माहिती आहे, असं. मी ते पान दोनदा वाचलं. मग पुढच्या पाहुण्यांनी विचारायच्या आधीच मी त्यांना ती भिंत दाखवायला लागलो.

शेंगावालीनं हे पायरीवरून ऐकलं असणार. महिन्याभरानं एका शुक्रवारी ती टोपली बाहेर ठेवून आत आली. पदराखाली पणती होती.

"पोरीचं बाळंतपन हाये बापू. बुलढान्याले नेलं तिले. डाक्टर म्हनते, मूल आडवं हाये." तिनं एका भोकात पणती ठेवली, वात पेटवली. "रानीबी बाईच होती न. तिले समजन."

मी तिथं उभा होतो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. पण मुलगी दवाखान्यात असलेल्या बाईला काय सांगायचं? मी म्हणालो, "होईल मावशी सगळं नीट." ते नीट झालं. पोरगी आणि नातू दोघंही सुखरूप आले. पुढच्या शुक्रवारी तिच्याबरोबर पेरूवाली आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी चारपाच जणी. शेतावर जाणाऱ्या, अंगणवाडीत स्वयंपाक करणारी, एक मास्तरीण. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं, कुणाच्या पोराची परीक्षा होती. नवरात्रात एका संध्याकाळी, दार बंद करायच्या आधी, मी मोजले तर एकतीस दिवे होते. दिसायला फार छान दिसत होतं, हे खोटं नाही. मी सांगितलेलंच माझ्यासमोर घडत होतं.

दिवाळीनंतर डागडुजीचं काम बघणाऱ्या मॅडम पाहणीला आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, डोक्याला रुमाल, हातात टॉर्च. चौकभर फिरून त्या पूर्वेच्या भिंतीपाशी थांबल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मी मागं उभा होतो. त्यांच्या खांद्यावरून मला पहिल्यांदा ते नीट दिसलं. प्रत्येक भोकाच्या वर काजळीची काळी जीभ चढली होती. डावीकडच्या शेवटच्या फुलाच्या दोन पाकळ्या त्या काळ्यात गेल्या होत्या. भोकांच्या खाली तेलाचे ओघळ होते आणि जिथं तेल मुरलं होतं तिथं गिलावा फुगून आला होता, भाकरीला पापुद्रा येतो तसा.

"हे कधीपासून सुरू झालं?"

"लोकांचं काय, मॅडम," मी म्हणालो. "जुनी श्रद्धा असेल."

"जुनी? मागच्या वर्षी मी आले होते तेव्हा भिंत स्वच्छ होती." त्यांनी टॉर्च भोकात मारला. "श्रद्धा तरी कशावर? ही परांचीची भोकं आहेत."

मी टॉर्चच्या उजेडात आत डोकावलो.

"या, हात घाला आत. कोपरापर्यंत."

मी हात घातला. बाहेरून भोक चौकोनी होतं, पण आत, टोकाला, चुन्यात गोल खोबण होती. बोटांना लाकडाच्या रेषा लागल्या. एका जागी गाठसुद्धा होती. बांधताना भिंतीत बल्लीचं, म्हणजे लाकडी वाशाचं, टोक खोचतात, बल्लीवर फळ्या टाकतात, फळ्यांवर गवंडी उभा राहतो. काम वर सरकलं की बल्ली ओढून घेतात. ओल्या चुन्यात तिचा ठसा राहतो. मॅडम म्हणाल्या, नंतर ती भोकं विटांचे तुकडे घालून बुजवली असणार, आणि ते तुकडे कधीतरी गळून पडले.

मॅडमना हे पुस्तकातून माहीत होतं. मी अशी भोकं शेकड्यानं केलेली आहेत आणि शेकड्यानं बुजवलेली आहेत. परांची उतरवत खाली येताना शेवटचं काम तेच असतं. त्या भिंतीसमोरून मी रोज आठदहा वेळा जात होतो, ओळीतलं अंतर रोज बघत होतो. आमच्या कामावरही बल्ल्यांमध्ये तेवढंच अंतर असतं. तरी ओळखलं नाही. राजाच्या वाड्यात जे असेल ते राजाचंच असणार, असं मी धरून चाललो होतो. तिथं माझ्यासारख्याच्या पायाखालचं भोक असेल हे डोक्यातच आलं नाही.

मॅडम वहीत लिहीत होत्या. "पुढच्या पंधरवड्यात मी परत येईन. तोवर हे बंद झालेलं पाहिजे. नाही झालं तर दिवे लावणाऱ्यांची नावं घेऊन तक्रार द्यावी लागेल. ही सात फुलं गेली तर या राजवाड्यात रंग म्हणून काही उरत नाही. पहिला दिवा कुणी लावला, माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं हे दुसरं खोटं.

दुपारी मावशीनं फडकं सोडलं. भाकरीवर त्या दिवशी पिठलं होतं. मी पहिला घास मोडून तसाच ठेवला. तक्रार झाली तर यादीत पहिलं नाव तिचं असणार होतं, आणि तिनं ते केलं होतं माझ्या शब्दावर. सांगितलं नाही तर तिला पोलीस चौकीत बसावं लागेल. सांगितलं तर तिच्या नातवाच्या जन्मातून मी राणीला काढून घेणार. माझी नोकरीही त्यात होतीच, ते लपवत नाही. एक विचार असाही आला की दुसरी गोष्ट रचावी: राणी म्हणे नंतर दिवे हौदाकाठी लावायला लागली. लोकांनी ती ऐकली असती. त्याचीच भीती वाटली.

"मावशी," मी म्हणालो, "ते राणीच्या दिव्यांचं खरं नाही."

"कोन म्हनते?"

"मी म्हणतो. मीच रचलं होतं ते. मला काही माहीत नव्हतं म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि खदखदून हसली. "तू रचलं? तुले धड 'मले' म्हनता येत नाई अन् तू रानीची गोष्ट रचली?" तिनं पेरूवालीला हाक मारली. "ऐकलं का वं, बापू काय म्हनते? रानीचे दिवे म्हने यानं काढले!"

पेरूवाली पेरू पुसता पुसता म्हणाली, "जुनी गोष्ट हाये ते. माही सासूबी लावत होती."

"तुमची सासू?" मी म्हणालो. "अहो, मी येऊन अजून वर्ष व्हायचं आहे."

"तू यायच्या आंधीपासून हाये न मंग!"

"आधी कुणीच लावत नव्हतं. मागच्या वर्षी भिंत स्वच्छ होती, मॅडम म्हणाल्या."

"मॅडम काय अठल्या हायेत का? अन् तू तरी?" पेरूवालीला आता राग आला होता. "भाईरचा मानूस. आमच्या रानीचं तुले काय मालूम?"

शुक्रवारी बायका आल्या तेव्हा मी चौकात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. काही खोटं न घालता, सरळ. मास्तरणीनं मान हलवली आणि तरी पणती काढली. एकजण म्हणाली, ह्याले वरून सांगतलं असन, दिवे बंद कर म्हून, हा काय करन बिचारा. दुसरी म्हणाली, "तसं म्हन न मंग बापू. खोटं काऊन बोलतं?" आयुष्यात इतक्या लोकांपुढं मी पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि त्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं.

मावशी मात्र पणती पेटवायची थांबली होती. "नातू झाला न माह्या पोरीले," ती म्हणाली. मला नाही, भिंतीला म्हणाल्यासारखी.

"झाला. तुझी पोरगी धट्टी होती आणि डॉक्टर वेळेवर होता. मावशी, हात घाल आत."

"कशाले?"

"घाल तर."

तिनं बांगड्या मागं सारल्या आणि हात आत घातला. मी तिला सांगितलं, टोकाला बघ, गोल आहे. रेषा लागतील. तिनं डोळे मिटले. हात आत फिरत होता.

"गाठ हाये," ती म्हणाली. "लाकडाची."

"ती बल्ली. तिच्यावर उभं राहून माणसानं वरची भिंत बांधली. मी पण असाच उभा राहत होतो, सोळा वर्षं."

तिनं हात काढला. हाताला काजळी लागली होती, ती बघून तिनं पदराला पुसायच्या आधी भोकाखालच्या फुगवट्यावर नख मारलं. गिलावा पिठासारखा गळला. आतला चुना ओला आणि पिवळा होता, तेलाचा वास येत होता. ती दर दिवाळीला स्वतःचं घर सारवते, रंगवते. भिंत कशी असावी हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं ती भुकटी दोन बोटांत चोळली, वरच्या काळ्या फुलाकडं बघितलं, परत बोटांकडं बघितलं.

"हे त मरून राह्यली," ती म्हणाली. मग वळून बायकांवर ओरडली, "कोनी लावू नोका वं! तेल पिऊन राह्यली भित! पाहा इकडं, पाहा!"

पेरूवाली पुढं आली, तिनंही नख मारलं. मग अंगणवाडीवाली. त्यांना थांबवायला मला शिट्टी वाजवावी लागली, नाहीतर त्याच दिवशी सगळा गिलावा उतरला असता.

"रानीचं काई असो," मावशी म्हणाली, "घर तिचंच हाये न. कोनाच्या घरची भित अशी खराब करतेत का?" आणि तिनं आपली न पेटवलेली पणती उचलून महादरवाजाबाहेर नेली. तिथं जोत्याचा एक दगड पुढं आलेला आहे, वर आभाळ, आजूबाजूला ना चुना ना रंग. तिनं पणती तिथं ठेवली. बाकीच्या तिच्यामागं गेल्या. मास्तरीण सगळ्यात शेवटी.

मॅडम पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा मी देवडीतून उठून उभा राहिलो आणि त्या चौकात शिरायच्या आधीच सांगून टाकलं की ती गोष्ट माझी होती. त्यांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हणालो, आठवी. "परांचीचं काम केलंय का?" केलंय म्हणालो. रागावल्या होत्या, ते दिसत होतं.

"मग तेच सांगत जा ना पाहुण्यांना. जे हातानं केलंय ते. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. लिहून देते तसं, अभिप्रायाच्या वहीच्या पहिल्या पानावर."

तक्रार झाली नाही. माझा कागद नवा झाला. काजळी काढायला एक माणूस येऊन गेला, आठवडाभर कापसाच्या बोळ्यांनी पुसत होता. सहा फुलं स्वच्छ निघाली. डावीकडचं शेवटचं निघालं नाही. तिथला गिलावा हाताला लागताच सुटला, आणि तो माणूस शांतपणे म्हणाला, हे गेलं. मी त्याला शिडी धरून उभा होतो. पाहुण्यांना मी आता सहा फुलं दाखवतो. डावीकडची जागा रिकामी का असं विचारलं तर तेही सांगतो.

परांचीच्या भोकांचं सांगितलं तर बहुतेक जण दोन क्षण बघतात आणि झरोक्याखाली फोटो काढायला जातात. क्वचित एखादा थांबतो. मागे एक म्हातारे गृहस्थ थांबले होते, त्यांनी विचारलं, त्या काळी बल्ल्या कसल्या लाकडाच्या असायच्या? मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी मान डोलावली. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी काही लिहिलं नाही आणि मला त्याची रुखरुख रात्रीपर्यंत लागून राहिली. ती सवय अजून गेलेली नाही.

शुक्रवारी बाहेरच्या दगडावर दिवे लागतातच. मावशी शेंगा विकता विकता त्यांच्यावर लक्ष ठेवते. परवा एक नवी सून आली होती, पणती घेऊन थेट आत निघाली. मावशीनं तिला पायरीवरच अडवलं.

"आत नोको वं बाई. भित खराब होते. अठी ठेव."

"पन कोनाडे त आत हायेत न, रानीचे?"

मी देवडीतून म्हणालो, "राणीचे नाहीत ते. परांचीची भोकं आहेत. गवंड्यांची."

सुनेनं मावशीकडं बघितलं. मावशीनं शेंगांवरचं फडकं नीट केलं.

"हाव," ती म्हणाली. "तेबी हाये." आणि मग माझ्याकडं वळून, "भाकर थंडी होऊन राह्यली, खाय."